तीन पिवळी चाकं: वर्म व्हीलचा धातू ओळखताना

वागळे इस्टेटमध्ये आमचं गिअर कापायचं लहानसं वर्कशॉप आहे. येणारं काम बहुतेक एकाच प्रकारचं. पिशवीतून झिजलेला किंवा तुटलेला गिअर निघतो, टेबलावर येतो आणि समोरचा म्हणतो, "डिट्टो असाच करून द्या." दाते मोजता येतात, मॉड्यूल, म्हणजे दात्याचं माप, काढता येतो, बोअर (मधलं भोक) आणि कीवे (चावीची खाच) व्हर्नियरवर कळतो. गिअर पोलादाचा असेल तर धातूचाही फारसा घोळ नसतो. हार्डनेस बघितला, कुठे आणि किती लोडवर चालतो ते विचारलं, की ईएन ८, ईएन १९ किंवा २० एमएनसीआर ५ यांपैकी एक ठरतं. चाक पिवळं, म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूचं, निघालं की मात्र काम लांबतं, आणि गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी ते लांबवलेलंच बरं.

महाप्याच्या एका कारखान्यातल्या मिक्सरचं हे काम. मशीन परदेशी, जुनं; बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली, ड्रॉइंग नाही. गिअरबॉक्स वर्मचा, ४० ला १: स्क्रूसारखे दाते असलेला पोलादी वर्म ४० फेरे फिरला की त्यात अडकलेलं पिवळं चाक, म्हणजे वर्म व्हील, एकदा फिरतं. मोटर १४४० आरपीएमची, म्हणजे चाक मिनिटाला ३६ फेरे फिरतं. तिथले मेंटेनन्सचे साहेब एक नाही, तीन चाकं घेऊन आले. पहिलं मशीनसोबत आलेलं मूळ चाक, वर्षानुवर्षं चालून शेवटी दाते सुरीसारखे पातळ झालेलं. दुसरं एकाकडून करून घेतलेलं, काही महिन्यांतच झिजलेलं. तिसरं दुसऱ्या एकाने "याहून मजबूत मटेरियल मिळणार नाही" असं सांगून दिलेलं. ते झिजलं नाही, पण गिअरबॉक्स हात लावू देईना इतका तापायला लागला आणि तेल काळं पडलं. उघडून बघितलं तर वर्मच्या पोलादी दात्यांवर पिवळा थर चढलेला आणि ओरखडे.

दोन्ही नव्या चाकांच्या पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, मटेरियलच्या रकान्यात एकच शब्द होता, ब्राँझ. आणि तांब्याच्या अनेक मिश्रधातूंना ब्राँझ म्हणतात. देणाऱ्या दोघांनीही तसं म्हटलं तर पीओ पाळली होती.

साहेबांना नवीन चाक हवं होतं. मी म्हटलं, आधी ही तिन्ही कशाची आहेत ते बघू. मूळ चाक इतकी वर्षं का टिकलं ते कळल्याशिवाय चौथं करण्यात अर्थ नाही.

आमच्याकडे वडिलांच्या वेळेपासूनचे टर्नर मामा आहेत. त्यांच्या तपासणीला कुठलंही उपकरण लागत नाही. त्यांनी तिन्ही चाकांच्या कडेवर कानस मारली, उजेडात धरलं, मग लेथवर एकेक हलका कट घेतला. मूळ चाकाचा रंग तांबूस पिवळा, कीस बारीक तुकड्या-तुकड्यांचा. दुसऱ्याचा रंग थोडा आणखी लालसर, कीस अगदी भुकटीसारखा, टूलला काही लागतंय असं वाटतच नव्हतं. तिसरं सोन्यासारखं चकचकीत पिवळं आणि त्याचा कीस लांब, गुंडाळत येणारा. टूलची धारही लगेच बोथटली. मामा म्हणाले, "दादा, हे मधलं गनमेटल आहे. हे तिसरं अ‍ॅल्युमिनियमवालं. पहिलं चांगलं ब्राँझ, पण आपण कापतो त्यापेक्षा जरा टणक वाटतंय."

मामांचं सहसा चुकत नाही. पण "जरा टणक" हे फाउंड्रीला लिहून देता येत नाही.

चुंबक लावायला खर्च नाही म्हणून तो आधी लावला. तांबं, कथील, जस्त, शिसं यांपैकी काहीच चुंबकाला चिकटत नाही. अ‍ॅल्युमिनियम ब्राँझमध्ये तीन-चार टक्के लोखंड घालतात, त्यामुळे दोऱ्याला टांगलेला जोरदार चुंबक त्याच्याकडे किंचित ओढला जातो. तिसऱ्या चाकाकडे तो ओढला गेला, पहिल्या दोघांकडे नाही. ही खूण पक्की नव्हे. मँगनीज ब्राँझमध्येही लोखंड असतं. पण दिशा मिळते.

मग घनता. घरी किंवा वर्कशॉपमध्ये करता येण्याजोग्या चाचण्यांत मला हीच सगळ्यात आवडते, कारण तिला मत नसतं. तिन्ही चाकांचे तुकडे कापून घेतले. मूळ चाकाचा मधला हब बिडाचा होता आणि ब्राँझची फक्त कडी वर चढवलेली होती, त्यामुळे अख्खं चाक तोलून उपयोग नव्हता. कडीचाच तुकडा हवा. सोनाराकडे असतो तसा शंभराव्या भागापर्यंत ग्रॅम दाखवणारा काटा आमच्याकडे आहे. तुकडा आधी हवेत तोलायचा. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि तुकडा बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा धरायचा. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे घनसेंटिमीटर त्या तुकड्याचं आकारमान. तेल नीट धुऊन काढायचं आणि चिकटलेले हवेचे बुडबुडे झटकायचे, एवढीच काळजी.

मूळ चाकाचा तुकडा ५२.६० ग्रॅम, आकारमान ५.९९. घनता आली ८.७८. कथिलाच्या ब्राँझची घनता ८.७ ते ८.८ च्या घरात असते, म्हणजे जुळलं. तिसऱ्याचा तुकडा ४४.७० ग्रॅम, आकारमान तेही ५.९९, घनता ७.४६. इथे वाद मिटला. तांब्याच्या गिअरच्या मिश्रधातूंत इतकं हलकं फक्त अ‍ॅल्युमिनियम ब्राँझच असतं. मँगनीज ब्राँझही ७.८ च्या आसपास येतं, साधं पितळ साडेआठच्या जवळ.

दुसऱ्या चाकाने मात्र या चाचणीची मर्यादा दाखवली. घनता आली ८.६५. गनमेटलमध्ये जस्त असलं तरी शिसंही असतं, त्यामुळे भरीव गनमेटलची घनता ८.८ च्या आसपासच येते, म्हणजे कथिलाच्या ब्राँझइतकीच. घनतेवरून दोघांतला फरक कळत नाही. आकडा कमी आला तो आतल्या पोकळ्यांमुळे. तुकडा परत कापून भिंगाखाली धरला तेव्हा सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली. ओतकामात वायू अडकला होता.

पुढचा थांबा शिळफाट्याच्या बाजूला, भंगाराच्या गोदामात. हल्ली मोठ्या भंगारवाल्यांकडे एक्स-रेची पिस्तुलासारखी गन असते. टोक धातूला टेकवायचं, घोडा दाबायचा, काही सेकंदांत पडद्यावर टक्केवारी. अनेकांना वाटतं की ही गन असली की प्रश्न संपला. गन उपयोगाची आहे, पण तिचं वाचन समजून घ्यावं लागतं. ती अगदी वरच्या पातळ थरातलं बघते, आणि ओतलेल्या कथिलाच्या ब्राँझला कधी कधी बाहेरच्या बाजूने कथिलाचा घाम फुटलेला असतो. तिथे गन टेकवली तर कथील भलतंच जास्त दिसतं. तेल, रंग, घासलं गेलेलं शिसं, सगळं वाचनात येतं. म्हणून ताज्या कापलेल्या जागेवरच टेकवायची, आणि तीही ग्राइंडरच्या नव्हे, स्वच्छ कानशीच्या.

तिथली गन जुनी होती. मूळ चाकावर तिने तांबं ८६, कथील पावणेबाराच्या आसपास, निकेल दोनच्या जरा आत असं दाखवलं. निकेल बघून मी थबकलो. मामांचं "जरा टणक" तिथे होतं. दुसऱ्या चाकावर तांबं ८४, कथील, जस्त आणि शिसं प्रत्येकी पाचेक टक्के. म्हणजे ८५-५-५-५ चं सरळ गनमेटल. ब्रिटिश मानकात त्याला एलजी-२ म्हणतात, आपल्या आयएस ३१८ मध्ये एलटीबी-२. पाण्याचे व्हॉल्व्ह आणि पंपाच्या बॉडी यांचा तो धातू. हलक्या कामाच्या बुशाही त्याच्या करतात. ओतायला सोपा, कापायला त्याहून सोपा आणि स्वस्त, कारण कथील तांब्याहून कितीतरी महाग असतं आणि इथे ते अर्ध्याहून कमी.

तिसऱ्या चाकावर गनने तांबं ९५ च्या वर आणि लोखंड साडेचार टक्के दाखवलं. बस, एवढंच. भंगारवाला म्हणाला, "शेठ, हे तर जवळजवळ शुद्ध तांबं, भाव चांगला देतो." जुन्या गनला अ‍ॅल्युमिनियमसारखे हलके धातू दिसत नाहीत, आणि जे दिसतं त्याची ती बेरीज शंभर करून टाकते. तांब्याची घनता ८.९६, लोखंडाची ७.८७. या दोघांच्या कुठल्याही मिश्रणाची घनता ७.४६ होऊच शकत नाही. म्हणजे गनला न दिसणारं, हलकं काहीतरी आत आहे. तांबं ८५, अ‍ॅल्युमिनियम ११, लोखंड ४ असं धरून अ‍ॅल्युमिनियम वगळलं आणि बाकीचे शंभरात बसवले तर बरोबर ९५.५ आणि ४.५ येतात. अमेरिकन पद्धतीत सी ९५४०० म्हणतात तो हा मिश्रधातू. ग्लासभर पाण्याने महागड्या गनची चूक पकडली याचा मला थोडा आसुरी आनंद झाला, हे कबूल करतो.

माझा मेहुणा रबाळ्याच्या एका केमिकल कंपनीत क्यूसीला आहे. त्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "दाजी, कीस पाठवा, मी विरघळवून बघतो." ही परीक्षा खूप जुनी. बारीक कीस निम्म्या पाण्याच्या नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये टाकायचा. तपकिरी विषारी धूर निघतो, त्यामुळे फ्यूम हूडखालीच. वर्कशॉपच्या मोरीत हे कोणी करू नये. तांबं विरघळून द्रावण निळं-हिरवं होतं. कथील मात्र या अ‍ॅसिडमध्ये विरघळत नाही. त्याचा पांढरा साका तळाला बसतो. मूळ चाकाच्या कीसाने भरपूर साका दिला, दुसऱ्याने कमी, तिसऱ्याने काहीच नाही. मग साका गाळून काढून खालच्या द्रावणात थोडं सल्फ्युरिक अ‍ॅसिड घातलं. दुसऱ्या चाकाच्या द्रावणात लगेच पांढरं गढूळ झालं, ते शिशाचं सल्फेट. पहिलं नितळच राहिलं. तिसऱ्यात अमोनिया घातल्यावर तपकिरी, जेलीसारखा चोथा आला, लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियमचा. मेहुण्याने तिन्ही परीक्षानळ्या ओळीने ठेवून फोटो पाठवला. साहेबांना सगळ्यात जास्त पटला तो हा फोटो, आकड्यांचा रिपोर्ट नव्हे.

तरी रिपोर्ट लागतोच. ठाणे-बेलापूर रोडच्या पट्ट्यात एनएबीएलची मान्यता असलेल्या धातू तपासणीच्या लॅब आहेत. त्यांतल्या एकीकडे तुकडे दिले. तिथे स्पार्कवर चालणारा स्पेक्ट्रोमीटर असतो. नमुन्याचा सपाट भाग आर्गॉन वायूत धरून ठिणगी पाडतात आणि उडालेल्या धातूच्या प्रकाशावरून प्रत्येक मूलद्रव्याचं प्रमाण काढतात. नमुना लहान असून चालत नाही. ठिणगीचं तोंड पूर्ण झाकेल इतकी सपाट जागा हवी. मशीन तांब्याच्या प्रोग्रॅमवर आणि जवळच्या प्रमाणित नमुन्यावर जुळवून घेतलंय का, हे विचारायला लाजू नये. गनला विश्वासाने सांगता न येणारा फॉस्फरस इथे मिळतो, अ‍ॅल्युमिनियम आणि सिलिकॉनही मिळतात.

मूळ चाकाचा रिपोर्ट आला: कथील ११.८, निकेल १.८, शिसं नगण्य, जस्त नगण्य, फॉस्फरस थोडासाच. युरोपातल्या मानकात याला सीयूएसएन १२ एनआय २ म्हणतात. कथील ११ ते १३, निकेल १.५ ते २.५. अमेरिकेत याच्या सगळ्यात जवळचं सी ९१७००, ज्याला तिकडे निकेल गिअर ब्राँझ असंच म्हणतात. आपल्याकडे वर्म व्हील म्हटलं की बहुतेक जण पीबी-१ किंवा पीबी-२ सांगतात, म्हणजे १० ते १३ टक्के कथील आणि वर फॉस्फरस. तेही गिअरचंच ब्राँझ आहे आणि पुष्कळ ठिकाणी उत्तम चालतं. निकेलने ताकद थोडी वाढते, दाणा बारीक राहतो आणि सततच्या लोडखाली दाते जास्त काळ तग धरतात.

बऱ्याच जणांचं काम इथे संपतं. मिश्रण कळलं, तेच ओता. मला ते पुरेसं वाटत नाही, कारण तेच मिश्रण वाळूच्या साच्यात सावकाश थंड झालं तर एक धातू मिळतो आणि फिरत्या लोखंडी साच्यात झटकन थंड झालं तर दुसरा. मानकातच बघा: निकेल नसलेल्या साध्या सीयूएसएन १२ ला वाळूच्या साच्यात किमान ब्रिनेल हार्डनेस ८० मागितलाय, सेंट्रिफ्युगलला, म्हणजे फिरत्या साच्याला, ९०. ताणशक्ती २६० वरून २८० मेगापास्कल. निकेलवाल्याला सेंट्रिफ्युगलमध्ये ३०० आणि ९५. फरक छोटा वाटतो, पण आकडे किमान आहेत आणि दात्याच्या आयुष्यात तो फरक भरपूर दिसतो.

म्हणून हार्डनेस आणि सूक्ष्मदर्शकाखालची रचना, दोन्ही मागितल्या. ब्रिनेल घेताना लोड कोणता ते लिहून घ्यायचं. पोलादासाठी १० मिलीमीटरच्या गोळीवर ३००० किलो टाकतात. ब्राँझसाठी १००० किलो, लहान तुकड्यावर अडीच मिलीमीटरची गोळी आणि ६२.५ किलो. लोड बदलला की आकडा बदलतो, मग तुलनेला अर्थ राहत नाही. मूळ चाक १०४ आलं. गनमेटल ६२. अ‍ॅल्युमिनियम ब्राँझ १६५.

सूक्ष्मदर्शकासाठी तुकडा बेकलाइटमध्ये बसवून आरशासारखा घासतात, मग फेरिक क्लोराइडच्या सौम्य द्रावणात क्षणभर बुडवतात. लॅबच्या मॅडमनी मला आत बोलावून दाखवलं, त्याबद्दल त्यांचे आभार. रिपोर्टातल्या काळ्या-पांढऱ्या फोटोवरून इतकं कळत नाही. मूळ चाकाचा तुकडा मोझॅक लादीसारखा दिसत होता. मऊ, तांबूस पार्श्वभूमी आणि तिच्यात सगळीकडे विखुरलेले फिकट निळसर कठीण कण. ते कण म्हणजे कथिलाने भरलेला डेल्टा नावाचा घटक, भोवतीचं मऊ ते अल्फा. वर्मच्या दात्याशी संपर्क आला की लोड कठीण कण उचलतात, मऊ भाग थोडा दबून दात्याचा आकार वर्मशी जुळवून घेतो, आणि मधल्या सूक्ष्म खाचांत तेल धरलं जातं. झाडाच्या फांद्यांसारखी वाढ बारीक आणि दाट होती, म्हणजे धातू लवकर थंड झालेला. चाक सेंट्रिफ्युगल पद्धतीने ओतलेलं असणार. गनमेटलच्या तुकड्यात फांद्या जाड, मधे शिशाचे काळे ठिपके आणि पोकळ्या. डेल्टाचे कण तुरळक.

आता तिसऱ्या चाकाचं. साहेबांचा साधा प्रश्न होता, "सगळ्यात मजबूत तर हेच, मग हेच का बिघडलं?" खरंच, सी ९५४०० ची किमान ताणशक्ती ५१५ मेगापास्कल, म्हणजे मूळ चाकाच्या दीडपटीहून जास्त. पण वर्म गिअरमध्ये दाते एकमेकांवर लोळत नाहीत, घसरतात. या गिअरबॉक्सच्या वर्मचा व्यास ६० मिलीमीटर. १४४० आरपीएमला त्याचा पृष्ठभाग सेकंदाला साडेचार मीटर वेगाने चाकाच्या दात्यावरून घसरतो, आणि हे दिवसभर. अशा ठिकाणी ताणशक्ती दुय्यम. घर्षण कमी हवं, आणि तेलाचा थर क्षणभर फाटला तरी धातू वर्मला चिकटायला नको. कथिलाचं ब्राँझ यात तरबेज आहे. अ‍ॅल्युमिनियम ब्राँझ घर्षण जास्त करतं, तापतं आणि पोलादावर लिंपलं जातं. हळू फिरणाऱ्या, जबरदस्त लोड आणि धक्के खाणाऱ्या गिअरला, स्क्रू जॅकच्या नटला ते योग्यच असतं. ज्याने ते दिलं त्याने फसवलं असं मी म्हणणार नाही; त्याने तक्त्यातला सगळ्यात मोठा आकडा निवडला. तक्त्यात घसरण्याचा रकानाच नसतो.

हे तिन्ही चाकांच्या झिजेवरूनही वाचता येत होतं. मूळ चाकाचे दाते एकसारखे, गुळगुळीत झिजले होते. गनमेटलचे दाते दबून एका बाजूला वळले होते. अ‍ॅल्युमिनियम ब्राँझच्या दात्यांवर घसरण्याच्या दिशेने फाटल्यासारख्या रेषा होत्या.

आता चौथं चाक. तळोज्याच्या एका छोट्या फाउंड्रीकडे सेंट्रिफ्युगलची सोय आहे. मालक अनुभवी, पण त्याच्याकडे अ‍ॅल्युमिनियम ब्राँझचंही काम चालतं, आणि तिथेच माझी त्याच्याशी घासाघीस झाली. कथिलाच्या ब्राँझला अ‍ॅल्युमिनियम आणि सिलिकॉन विषासारखे. मानकात त्यांना शेकड्यात हजाराव्या भागाची मुभा असते, ०.००५ वगैरे. तेवढ्यावर गेलं की ऑक्साइडचे पापुद्रे धातूत अडकतात. अ‍ॅल्युमिनियम ब्राँझ वितळवलेली मूस "धुऊन घेतो" हे तो म्हणत होता, मला नवी मूस हवी होती. शेवटी मूसेचे पैसे साहेबांच्या बिलात गेले आणि त्यांनी ते मुकाट्याने दिले. वर्म घासून घेण्याचा खर्च त्यांनी नुकताच बघितला होता.

भंगार न वापरता तांब्याच्या कॅथोडपासून आणि कथिलाच्या इन्गॉटपासून सुरुवात. निकेल आधी तांब्याबरोबर, कथील शेवटी, आणि ओतण्यापूर्वी फॉस्फर कॉपर टाकून धातूतला ऑक्सिजन काढायचा. ओतण्याआधी पळीतून एक चकती लोखंडी साच्यात ओतून घेतली आणि तीच स्पेक्ट्रोमीटरवर मारली: कथील ११.९, निकेल १.९, अ‍ॅल्युमिनियम ०.००३. मग साचा फिरायला लागला. फिरताना जड, स्वच्छ धातू बाहेर दाबला जातो आणि हलकी घाण बोअरच्या बाजूला येते. म्हणून बोअरला भरपूर मटेरियल ठेवायला सांगितलं होतं. मामांनी पहिल्याच कटमध्ये तो सगळा खरबरीत थर काढून टाकला. बाहेरच्या अंगावर डाय पेनिट्रंट (बारीक तडे दाखवणारा रंग) लावून बघितलं, एकही रेघ उमटली नाही. कडीच्या टोकाचा एक वळा कापून हार्डनेस घेतला, १०१. तोही कडीवरच घेतलेला, वेगळ्या ओतलेल्या सळईवर नव्हे. सळई नेहमीच कडीपेक्षा छान वागते.

कडी बिडाच्या हबवर गरम करून चढवली. एक गोष्ट बरेच जण गाळतात: ब्राँझ तापल्यावर बिडापेक्षा बरंच जास्त फुलतं. अडीचशे मिलीमीटर व्यासावर तापमान ६० अंशांनी वाढलं तर दोघांच्या फुलण्यात ०.११ मिलीमीटरचा फरक पडतो, आणि नेमकी जोराच्या वेळी पकड सैल होते. मूळ चाकात म्हणूनच जोडाच्या रेषेवर आटे पाडून पिन बसवलेल्या होत्या. दुसऱ्या-तिसऱ्या चाकांत त्या नव्हत्या, ती अख्खी ओतलेली होती. आम्ही पिन ठेवल्या.

हॉबिंगबद्दल, म्हणजे दाते कापण्याबद्दल, सांगण्यासारखं काही नाही. वर्म ग्राइंड आणि पॉलिश करून घेतला, त्याच्या मापाचा हॉब (दाते कापायचं कटर) आमच्याकडे होता. महाप्याला जाऊन बसवताना वर्मला मार्किंग ब्लू (निळा रंग) लावून चाकाच्या दात्यावर डाग कुठे पडतो ते बघितलं. डाग दात्याच्या मधोमध नको. वर्मचा दाता जिथून बाहेर पडतो त्या बाजूला थोडा सरकलेला हवा, म्हणजे आत शिरताना तेलाला जागा मिळते. शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) बदलून तो तसा आणला.

आणि मग मी तेलाचा ड्रम बघायला मागितला. कारखान्यात सगळ्या गिअरबॉक्सना एकच तेल, पोलादी गिअरसाठीचं, सल्फर-फॉस्फरसच्या ईपी (जास्त दाब झेलण्यासाठीच्या) अ‍ॅडिटिव्हचं. गरम झाल्यावर त्यातला क्रियाशील सल्फर तांब्याच्या धातूंना खातो. तेलवाल्याकडून तांब्याच्या पट्टीच्या चाचणीचा निकाल मागवा म्हटलं: घासलेली पट्टी १०० अंशांच्या तेलात तीन तास, मग रंगावरून १ ते ४ असा दर्जा. १ म्हणजे जवळजवळ जशीच्या तशी, ४ म्हणजे काळी. निकाल ३ आला. साहेबांनी वर्मसाठी ४६० ग्रेडचं कंपाउंडेड (चरबीयुक्त पदार्थ मिसळलेलं) तेल वेगळं मागवलं आणि गिअरबॉक्सवर लाल रंगाने लिहून ठेवलं. पहिले काही तास अर्ध्या लोडवर चालवून तेल काढलं. त्यात सोनेरी चमक होती, ती यायलाच हवी, दाते वर्मशी जुळत होते. दुसऱ्या भरणानंतर गिअरबॉक्सवर हात ठेवता यायला लागला.

पुढच्या पीओसाठी मटेरियलच्या रकान्यात काय लिहायचं ते साहेबांनी माझ्याकडून लिहून घेतलं: सीयूएसएन १२ एनआय २, सेंट्रिफ्युगल, नवी मूस, चकतीचा स्पेक्ट्रो रिपोर्ट, हार्डनेस कडीवर किमान ९५, लोड लिहून. त्यांच्या परचेसवाल्याचा फोन आला की एवढं सगळं रकान्यात मावत नाही, "ब्राँझ, अ‍ॅज पर सॅम्पल" चालेल का. मी म्हटलं, सॅम्पल कोणतं, तीन आहेत.